लाँगफील्डचे गोडवे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९३९ मध्ये बंगालला रणजी करंडक जिंकून देणारा इंग्रज कर्णधार टॉम लाँगफील्ड, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘इथला पैसा तिकडे नेणाऱ्या साहेबाचे गोडवे कशाला? गोरा म्हणून बंगालचा कर्णधार झाला, खेळाडू म्हणून लायकी काय होती?’

आधी लायकीचं बघू, ते झटकन उरकेल. १९२७ आणि १९२८ अशी दोन्ही वर्षं हा केंब्रिजचा ब्लू, म्हणजे ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात विद्यापीठाकडून खेळलेला. १९२७ ते १९३९ या काळात तो केंट या इंग्लिश काउंटीकडूनही खेळला, पण तुटक तुटक, कारण नोकरी कलकत्त्याला. रजेवर मायदेशी गेला की केंटची टोपी, रजा संपली की बोटीने परत हिशोबाच्या वह्यांकडे. चहा, ताग आणि कोळशावर चालणाऱ्या त्या कलकत्त्यात असल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना ‘बॉक्सवाला’ म्हणायचे, ते काही कौतुकाने नव्हे.

गोरेपणाबद्दल मात्र तुमच्याशी भांडण नाही. ईडन गार्डन्स तेव्हा कलकत्ता क्रिकेट क्लबच्या ताब्यात होतं आणि क्लब साहेबांचा. कर्णधारपद कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको! फक्त एक : तोच निकष घरीही लावा. पळवणकर बाळू मुंबईच्या धर्मवार सामन्यांतल्या हिंदू संघाचा सर्वोत्तम गोलंदाज, पण कप्तानी जातीपायी त्याच्या हाती दिली नाही. भाऊ विठ्ठलला ती मिळेपर्यंत १९२३ उजाडलं. तिथे तर कुणी साहेब आडवा आला नव्हता.

राहिले ‘गोडवे’. १९३९ चा रणजी अंतिम सामना मी रंगवून लिहिला, कारण तो होताच तसा. ईडनवर बंगाल पहिल्या डावात २२२. मग दक्षिण पंजाबचा वझीर अली एकटा नाबाद २२२, म्हणजे बंगालच्या अख्ख्या संघाइतका! त्यांचे ३२८ झाले, बंगाल १०६ धावांनी मागे. इथून सामना फिरला : दुसऱ्या डावात बंगालने ४१८ कुटल्या, समोरचे १३४ मध्ये गुंडाळले आणि १७८ धावांनी जिंकले. त्या संघात साहेब होते तसे कार्तिक बोस, कमल भट्टाचार्यही होते. कर्णधार आवडत नाही म्हणून यांचा करंडकही पुसायचा का? पुढच्याच मोसमात तो आपल्या प्रा. देवधरांच्या महाराष्ट्राने नेला, आणि बंगालला पुन्हा मिळाला तो थेट १९८९-९० मध्ये.

तुम्हाला आवडेल असा एक तुकडा लांबीपायी लेखातून गाळला होता. लाँगफील्डची मुलगी सुझन हिचा नवरा टेड डेक्स्टर. हे जावईबापू १९६१-६२ मध्ये इंग्लंडचे कर्णधार म्हणून भारतात आले, सासऱ्याच्या त्याच ईडनवर उतरले आणि नरी काँट्रॅक्टरच्या संघाकडून १८७ धावांनी हरले. मालिकाही गेली, इंग्लंडविरुद्धची आपली पहिली जिंकलेली मालिका. लेखात आता हे जोडतोय.