चावी स्टोअरमध्ये मिळेल

आपल्या कार्यालयात स्त्री-पुरुष समानता नांदावी आणि कर्मचाऱ्यांचे मन कामात रमावे, अशी ज्या साहेबांची कळकळीची इच्छा आहे, त्यांच्या सेवेत मी पुढील सूचना नम्रपणे सादर करीत आहे. नागपुरातल्या एका कार्यालयाच्या लेखाविभागात 19 वर्षे काढल्यानंतर, आणि विशेषतः मागच्या मंगळवारी साहेबांच्या केबिनमध्ये 25 मिनिटे उभे राहिल्यानंतर, या विषयातले मला थोडेफार कळते असे मानायला हरकत नसावी.

सुरुवात 8 मार्चपासून करावी, म्हणजे बाकीच्या दिवसांची काळजी उरत नाही. त्या दिवशी प्रत्येक महिला कर्मचाऱ्याला एक गुलाब द्यावा. तो सीताबर्डीहून आदल्या संध्याकाळी आणून पाण्याच्या बादलीत ठेवल्यास दुपारच्या कार्यक्रमापर्यंत मान टाकत नाही. सर्वांनी गुलाबी साडी नेसून यावे, अशी विनंती करावी आणि विनंती न मानणारीचे नाव लक्षात ठेवावे. सूत्रसंचालन, रांगोळी, समई घासणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि तर्री-पोह्यांच्या प्लेट मोजणे ही कामे महिलांकडेच सोपवावीत, कारण कार्यक्रम त्यांचा आहे. व्यासपीठावरच्या पाचही खुर्च्यांवर पुरुषांनी बसावे, कारण खुर्च्या आपल्या आहेत.

प्रमुख वक्त्यांना भाषणाचा मुद्दा आधीच सुचवून ठेवावा. याच नागपुरात 20 जुलै 1942 रोजी, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत, एखाद्या समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते. आमच्याकडे हे वाक्य दरवर्षी ऐकवले जाते आणि त्यावर टाळ्याही चांगल्या पडतात. त्याच परिषदेत गिरणीत राबणाऱ्या बायकांसाठी रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागणारा ठरावही झाला होता. तो मात्र वाचू नये, कारण वाक्यावर टाळ्या मिळतात आणि ठरावावर खर्च येतो.

कायद्याला घाबरू नये. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरची स्त्री लागते, निम्मे सदस्य तरी स्त्रिया लागतात आणि बाहेरची एक जाणकार व्यक्तीही लागते. समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलक मात्र 400 रुपयांत तयार होतो. आमच्या फलकावरील एक मॅडम 2021 मध्ये सेवानिवृत्त झाल्या आणि बाहेरच्या सदस्यांचा फोन लागत नाही, परंतु फ्रेमची काच दर दसऱ्याला न चुकता पुसली जाते. हा फलक जिन्याखाली, झाडू ठेवतात त्या कोपऱ्याच्या वर लावावा.

50 कर्मचारी झाले की पाळणाघराची सोय करावी लागते, म्हणून हजेरीपट 49 वर थांबवावा.

महत्त्वाची बैठक सायंकाळी सव्वासहाला ठेवावी. जी उठून जाते तिला जबाबदारीची जाणीव नाही आणि जो बसून राहतो तो संस्थेसाठी झिजतो आहे, असे समजावे. त्याच्या घरी कोणी तरी पोळ्या लाटून ठेवल्या आहेत, हा तपशील मूल्यमापनात धरू नये. रात्री 9.30 नंतर स्त्रीला कामावर थांबवायचे असल्यास राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय करावी लागते. संमतीच्या कागदावर नियुक्तीच्या दिवशीच सही घेऊन टाकावी. दार म्हणजे वर्धा रोडवरचा जवळात जवळचा चौक, असा अर्थ लावता येतो.

आता सर्वांत मोलाची सूचना. वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांचे मत अवश्य मागवावे. आमच्याकडे एप्रिलमध्ये मुख्यालयाकडून 32 प्रश्नांचे सर्वेक्षण आले. वरच ठळक अक्षरांत लिहिले होते की हे सर्वेक्षण पूर्णतः निनावी आहे, त्यामुळे आपण मोकळेपणाने उत्तरे द्यावीत. त्याखाली विभाग, लिंग, वयोगट आणि सेवेची वर्षे असे चार रकाने होते. लेखाविभागात सात पुरुष आहेत आणि एक मी. लेखाविभाग, स्त्री, 45 ते 50, सेवा 15 ते 20 वर्षे: अशी ही निनावी व्यक्ती कोण असावी, हे शोधायला साहेबांना पोलिसांचे श्वानपथक बोलवावे लागले नसणार. ‘कार्यालयात आपणांस आपलेपणा वाटतो काय?’ या प्रश्नाला मी पाचपैकी दोन गुण दिले आणि शेवटच्या रिकाम्या चौकोनात चार ओळी लिहिल्या. ही चूक माझीच. तो चौकोन रिकामा राहण्यासाठीच असतो.

त्या चार ओळी स्वच्छतागृहाबद्दल होत्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावर महिलांचे एक स्वच्छतागृह आहे आणि त्याला कुलूप आहे, कारण बाहेरची माणसे येऊन वापरतात, असा कोणाला तरी साक्षात्कार झाला. दारावर कागद चिकटवला आहे: ‘चावी स्टोअरमध्ये मिळेल’. स्टोअर तळमजल्यावर आहे. चावी वीतभर लाकडी पट्टीला सुतळीने बांधलेली आहे, म्हणजे ती पर्समध्ये मावू नये आणि हातात धरून नेताना अख्ख्या कार्यालयाला कळावे की मॅडम कुठे निघाल्या आहेत. सोबत एक रजिस्टर आहे. अनुक्रमांक, नाव, चावी नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ, सही. मजल्यावर आम्ही 11 जणी आहोत आणि चावी एक आहे. दीड ते सव्वादोन स्टोअरकीपर जेवायला जातात, तेवढा वेळ स्टोअरलाही कुलूप असते. माणूस भला आहे, चावी देताना खाली बघतो. ‘मी तरी काय करू जी मॅडम, साहेबांनीच सांगून ठेवलं आहे,’ एवढेच म्हणतो. 8 मार्चला सुतळी काढून त्या पट्टीला गुलाबी रिबन बांधण्यात आली. पुरुषांच्या स्वच्छतागृहाला कडीसुद्धा नाही.

मे महिन्यात या शहरात पारा 45 च्या आसपास असतो. कूलरची वाळ्याची ताटी दुपारी दोनलाच सुकते. कर्मचारी कल्याणाचे काम पाहणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर ‘भरपूर पाणी प्या, उष्माघात टाळा’ असे पत्रक लावले आहे, आणि त्या पत्रकाखाली बसून 11 बायका सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी अर्धी घरी घेऊन जातात. का, ते बायकांना सांगण्याची गरज नाही. साहेबांना मात्र सांगूनही कळत नाही.

मंगळवारी मला बोलावणे आले. बसा, असे कोणी म्हणाले नाही. टेबलावर ते रजिस्टर उघडे होते. ‘मॅडम, मी काय म्हणून राहिलो, आपण सगळी घरची माणसं. घरातली गोष्ट अशी वर लिहून पाठवतात का? आपले गुण 4.1 वरून 3.6 वर आले,’ असे साहेब म्हणाले. मी रजिस्टरकडे पाहत होते. आमच्या विभागाला लागून बसणारी एक मुलगी सातव्या महिन्यात आहे. एका दिवसाच्या पानावर तिचे नाव नऊ वेळा होते आणि प्रत्येक नावाखाली कोणी तरी लाल शाईने रेघ ओढली होती. अगदी पट्टी धरून, सरळ. समासात लिहिले होते: ‘खुलासा मागवावा.’

सूचना संपल्या. आता मला सूचना द्यायच्या नाहीत.

सातव्या महिन्यातली बाई दिवसातून किती वेळा उठते याचा हिशेब तुम्ही ठेवता? लाल पेन हातात धरताना घरातली एकही बाई आठवली नाही? कामाच्या सगळ्या वेळी सहज जाता येईल असे, आणि स्त्रियांसाठी वेगळे, स्वच्छतागृह असले पाहिजे, हे या देशाने कारखान्यांसाठी 1948 मध्येच लिहून ठेवले. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या मजुरालाही त्यासाठी सही करावी लागू नये, एवढे तेव्हाच्या लोकांना समजत होते. तुम्हाला 2,000 रुपयांच्या चर्चासत्रात समजले नाही. तुम्हाला आमचे मत नको आहे, तुम्हाला आमचे गुण हवे आहेत. मत मागायचे, ते कोणी दिले हे शोधायचे, आणि सापडलेल्या बाईला उभे करून आपलेपणा शिकवायचा, याला तुम्ही सहभाग म्हणता. गुलाब नको. रिबन नको. भाषण तर नकोच नको. आम्हाला आमच्या वेळी, कोणालाही न विचारता, एक दार ढकलून आत जायचे आहे. हे मागायला एका बाईला 19 वर्षे नोकरी करावी लागते आणि वर केबिनमध्ये उभे राहावे लागते, याची थोडी तरी लाज वाटू द्या.

रजिस्टरमधली शेवटची नोंद शुक्रवारची आहे आणि ती माझी आहे. चावी नेल्याची वेळ सकाळी 11.20. परत केल्याची वेळ हा रकाना कोरा आहे. कुलूप आता माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असते. साहेबांना ते हवे असल्यास त्यांनी दुसऱ्या मजल्यावर यावे. मी एक कोरी वही आणून ठेवली आहे. तीत नाव लिहावे, वेळ लिहावी आणि सही करावी.