‘ब्रोशर पाहून लिवलं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

‘अंगानं मोठ्या माणसाला कोणती स्पोर्ट्स कार?’ या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री लांबलचक प्रतिक्रिया टाकली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समृद्धी महामार्गाची तारीख मी चुकवली, उंचीचंच लिहिलं अन् घेराचं सोडलं, गावाकडच्या ब्रेकरवर या गाड्या चालत नाहीत, एवढ्या पैशात फॉर्च्युनर येते, आणि बेल्ट पुरत नसेल तर ऑनलाइन जोडतुकडा मिळतो हे मला ठाऊक नाही, असं तुमचं म्हणणं. मधात एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देतो : ‘हे सारं ब्रोशर पाहून लिवलं हाय, सव्वाशे किलोच्या माणसाले कधी सिटात बसवून पाह्यलं काय?’ त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दिले.

तारखेचं आधी मिटवतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी एवढाच टप्पा सुरू झाला होता. पूर्ण 701 किलोमीटर खुले झाले ते जून 2025 मध्ये. मी सरसकट 2022 लिहिलं, ती माझी चूक. दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथले जुने वाचक जाणतात.

आता ते वाक्य. पटलं नसेल तर ‘पटलं नाही’ म्हणावं, मी कधीच रागावलो नाही. पण न पाहता लिहिलं म्हणजे मी वाचकाला फसवलं, असा त्याचा अर्थ होतो. इतकं मोठं बोलण्याआधी लेख पूर्ण वाचायला हवा होता. बावीस वर्षं मी सीटांचंच काम करतो. ट्रॅक्टरच्या गादीपासून ते वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याहून आणलेल्या जुन्या ऑडी टीटी आणि फोर्ड मस्टँगपर्यंत सीटा माझ्या हातानं उसवल्या आहेत. ब्रोशर मला कुणी पाठवत नाही, आणि आलं तरी त्याचा उपयोग किती असतो ते सांगतो.

ब्रोशरमधली हेडरूम डोक्यापासून मोजतच नाहीत. सीटवर माणसाच्या आकाराचं यंत्र बसवतात. त्याच्या खुब्याचा सांधा जिथे येतो तिथून, उभ्या रेषेपेक्षा 8 अंश मागे कललेल्या रेषेत, छताच्या अस्तरापर्यंत टेप लावतात आणि आलेल्या मापात 102 मिलिमीटर मिळवतात. ही अमेरिकेतल्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेची पद्धत. लेगरूमही तशीच : सीट पूर्ण मागे, घोट्यापासून खुब्यापर्यंतचं अंतर, अधिक 254 मिलिमीटर. म्हणजे दोन्ही आकडे खुब्याच्या जागेवर उभे आहेत. खुबा हलला की आकडा कामाचा राहत नाही.

आणि जाड माणसाचा खुबा हलतोच. पाठीवर अन् कुल्ल्यांवर मांस जास्त असलं की पाठ टेकूनही सांधा तीन-चार सेंटिमीटर पुढे येतो. तेवढी लेगरूम गेली, तेवढंच स्टिअरिंग पोटाजवळ आलं. उलट वजनानं फोम जास्त दबतो, त्यामुळे डोक्यावर थोडी जागा वाढते. शोरूममध्ये फसगत होते ती इथे. माणूस बसतो, डोकं लागत नाही म्हणून खूश होतो, सेल्समनही ‘बघा, किती जागा!’ म्हणतो. पुढे आलेल्या खुब्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आता सांगा, हे कोणत्या ब्रोशरमध्ये छापलं आहे? फोम दाबून पाहिल्याशिवाय, माणूस बसवल्याशिवाय हे लिहिता येतं का?

लेखात दिलेली रीत पुन्हा देतो, कारण ती वाचली असती तर तो प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. सीट सगळ्यात खाली आणि मागे, स्टिअरिंग वर आणि डॅशबोर्डकडे ढकललेलं. आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत. पाय आधी घातला की गुडघा स्टिअरिंगच्या काठावर आपटतो आणि सगळं वजन बाहेरच्या बोल्स्टरवर, म्हणजे सीटच्या उंच कडेवर, येतं. मग ब्रेक तळापर्यंत दाबून गुडघा थोडा वाकलेलाच राहील इतपत सीट पुढे आणायची. खांदे गादीला टेकलेले ठेवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या काठावर पडलं पाहिजे. इथवर जमलं तरच टेप काढायचा.

छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मधल्या भागापर्यंत किमान 25 सेंटिमीटर हवेत, कारण एअरबॅग तिथूनच फुटते. पोट असलेला माणूस हे अंतर मिळवायला पाठ मागे पाडतो, मग खांदे सुटतात आणि मनगट पोचत नाही. त्या माणसाला मागे-पुढे सरकणारं स्टिअरिंगच लागतं, नुसतं वर-खाली होणारं चालत नाही. स्टिअरिंगचा खालचा काठ आणि मांडी यांच्यात दोन बोटं गेली पाहिजेत, तीसुद्धा स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवताना. डोक्यावर चार बोटं आडवी. शहरातल्या माणसाला तीन पुरतील. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरचं डांबर लाटांसारखं होतं आणि साठच्या वेगातही माणूस सीटवरून उचलला जातो. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीखालीच माप घ्या, ती दोन-तीन सेंटिमीटर खाऊन टाकते. छत उघडणारी गाडी असेल तर छत लावून मोजा. मे महिन्यात अकोल्यात छत कोण उघडतो?

आणि अर्धा तास बसून राहा. मांडीला बोल्स्टर चिमटतं आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटांनी पाय बधिर व्हायला लागतो तेव्हा कळतं.

गाड्यांबद्दलही तुम्ही ‘नेटवरची यादी’ म्हणालात. पोर्शे 911 मी वर ठेवली, कारण इंजिन मागे असल्यानं पुढे पायांच्या जागेत इंजिन-गिअरबॉक्सची अडचण नाही, समोरची काच बऱ्यापैकी उभी आहे आणि छताचा उंच भाग ड्रायव्हरच्या डोक्यावरच येतो. मात्र घेताना सीट कोणती आहे ते पाहा. फुल बकेट, म्हणजे रेसच्या गाडीसारखी एकसंध खोल सीट, असेल तर तिच्या कडा हलत नाहीत, मोठ्या अंगाचा माणूस तिच्यात बसत नाही तर अडकतो. 18-वे, म्हणजे अठरा प्रकारे हलवता येणाऱ्या, सीटच्या कडा आत-बाहेर होतात, ती शोधा. ऑडी टीटीचं स्टिअरिंग खालून चपटं आहे, त्यामुळे जाड मांडीला जागा मिळते, शिवाय ते मागे-पुढेही सरकतं. मस्टँग 2016 मध्ये आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगची आणि ऑटोमॅटिक आली. सीट रुंद, क्लचसाठी डावा पाय उचलायचा नाही, म्हणून घेर असलेल्या माणसाला सोयीची. दरवाजा लांब आहे, घराच्या ओट्याशी गाडी लावताना जागा सोडावी लागते. निसान 370झेड मी नको म्हटलं, कारण तिचं स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं. माझदा एमएक्स-5 भारतात विकली जात नाही, पण विचारणारे बरेच असतात म्हणून लिहिलं : 2019 च्या मॉडेलपासून तिचं स्टिअरिंग मागे-पुढे होतं, त्याआधीचं होत नाही. असा फरक नुसती यादी पाहून लिहिणाऱ्याला सुचतो का?

आणि गाडीत माणूस मावत नाही हा प्रश्न आजचा नाही. फोर्ड जीटी40 या रेसच्या गाडीच्या नावातले 40 म्हणजे तिची उंची, चाळीस इंच. अमेरिकन रेसर डॅन गर्नी इतका उंच होता की 1967 साली फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीसाठी त्याच्या गाडीच्या छताला हेल्मेटपुरता फुगवटा काढला, आणि ती शर्यत त्यानं जोडीदार ए. जे. फॉइटसोबत जिंकली. कारखान्यानं माणसासाठी छत बदललं, माणसाला लाजवलं नाही. मी लेखात ‘आधी पोट मोजा’ लिहिलं तेही त्याच भावनेनं. त्यात तुम्हाला थट्टा दिसली याचं मला खरंच वाईट वाटलं. माझ्या दुकानात रोज अशी माणसं येतात. मी त्यांना हसलो असतो तर ती दुसऱ्यांदा आली नसती.

घेराचं लिहिलं नाही म्हणता? वरचं निम्मं घेराचंच आहे, लेखातही होतं, ‘बसण्याची रुंदी’ या मथळ्याखाली. तुम्ही तिथवर पोचला नसाल. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी त्यात एकच भर घालतो. ड्रायव्हर सीटच्या उजव्या बोल्स्टरवर अंगठा जोरात दाबा. चांगला फोम लगेच वर येतो. बसलेला फोम खळगा ठेवून हळूहळू येतो, अंगठ्याखाली चुरा झाल्यासारखं लागतं, आणि अगदी खराब असेल तर आतली तार टोचते. चामड्यावर त्याच ठिकाणी आडव्या बारीक सुरकुत्या आणि उडालेला रंग असतो. आधीचा मालकही अंगानं मोठाच होता आणि रोज त्या कडेवर घसरत उतरत होता, असं समजा. ती कडा नव्यानं भरता येते. पण 32 डेन्सिटीचा सोफ्याचा फोम कुणी घालू लागला तर हात जोडा, सव्वाशे किलोखाली तो लवकर चपटा होतो.

बूड खाली जावं म्हणून गादी कापायची असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही, नाहीतर खालचा पत्रा किंवा स्प्रिंग लागते. कापण्याआधी हीटरची तार किंवा सेन्सरची चटई आहे का ते पाहायचं. बऱ्याच गाड्यांत पाठीच्या बाहेरच्या कडेत साइड एअरबॅग असते. तिथली शिवण ठरावीक जागी फाटावी म्हणून मुद्दाम वेगळ्या दोऱ्यानं घातलेली असते. ती जाड दोऱ्यानं पक्की शिवणारे कुशनवाले मी पाहिले आहेत, ते काम चुकीचं आणि जिवाशी खेळ आहे. सीटखालचं पिवळं कनेक्टर बॅटरी काढल्याशिवाय, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय, सोडवायचं नाही.

ब्रेकरचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून हळू नेली तर गाडी जाते. गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या ब्रेकरवर तर बऱ्याच गाड्या घासतात. 75 ऐवजी 130 किलोचा माणूस बसला की 55 किलो, म्हणजे साधारण 540 न्यूटन जादा. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन चाकांचा कडकपणा मिळून मिलिमीटरला 60 न्यूटन धरला तर ती बाजू फार तर 9 मिलिमीटर दबते. अडथळा आहे, पण गाडी घेऊ नये इतका नाही. 911 ला पुढचा एक्सल साधारण 40 मिलिमीटर उचलायची सोय मिळते, ती असलेलीच गाडी शोधा.

फॉर्च्युनर चांगली गाडी आहे. लेख तिच्याबद्दल नव्हता.

शेवटी तो जोडतुकडा. इथे मला राग आला होता, पण तुमची प्रतिक्रिया दुसऱ्यांदा वाचली तेव्हा एक ओळ नजरेत आली : ‘मी सोता एकशे अठ्ठावीस किलोचा हाय, दीड वरसापासून जोड लावून चालवतो.’ ही ओळ तुम्ही वर लिहायला हवी होती भाऊ, मी सुरुवातच वेगळी केली असती.

बेल्टचा खालचा पट्टा पोटाखाली, कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. धडकेत तुमच्या अंगाचा मोठा भार त्या हाडांनी धरायचा असतो. जोड लावला की बकल वर येतं, पट्टा पोटावर चढतो, आणि तोच भार आतडी-यकृतावर जातो. वरचा तिरपा पट्टाही आपल्या जागेवरून सरकू शकतो. बाजारातल्या जोडाची जीभ तुमच्या बकलमध्ये ‘टक्’ करून बसते म्हणून ती धक्क्याला टिकेलच असं नाही. घरी करायची तपासणी सांगतो. बसल्यावर पोट दोन्ही हातांनी उचला, पट्टा खाली सरकवून हाडावर आणा, मग जोड न लावता ओढून बघा. बऱ्याचदा बेल्ट लांबीला पुरतो, फक्त बकल कुल्ल्याखाली दबलेलं असल्यानं लागत नाही. तसं असेल तर बोल्स्टरचा बकलजवळचा फोम थोडा कमी करून ते मोकळं करता येतं, एका दिवसाचं काम आहे. खरंच लांबी कमी पडत असेल तर तुमच्या गाडीच्या कंपनीकडे चेसिस नंबर देऊन विचारा, काही कंपन्या स्वतःचा जोड देतात. देत नसतील तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही आवडो.

भांडायचं असेल तर खाली लिहा, उत्तर देईन. पण उद्या गाडी काढण्याआधी तो तुकडा काढून ही तपासणी करा, आणि पट्टा कुठे बसला ते मला कळवा.