घरात आता वाचणारे कोणी नाही

आज दुपारी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, तेव्हा माझ्यापुढे पस्तिशीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी खिशातून एक जुने कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि आईचे सभासदत्व बंद करून अनामत परत मिळेल का, असे विचारले. आई महिन्यापूर्वी गेल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी हळहळत सुचवले की, कार्ड तुमच्या नावावर करून देते, चालू राहू द्या. त्यावर ते म्हणाले, "नको, घरात आता वाचणारे कोणी नाही." या एका वाक्याचा मला इतका राग आला की, घरी येऊन चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे.

वाचनालयाचे कार्ड एकाच्या नावावर असते, पण ते वापरते सगळे घर. आमच्याकडे ते सासूबाईंच्या नावावर होते. एका वर्गणीत एक पुस्तक आणि एक मासिक मिळे; पुस्तक त्यांचे, मासिक माझे, आणि कचेरीतून येताना दोन्ही बदलून आणायचे काम ह्यांचे. त्या ह्यांच्या खिशात चिठ्ठी घालत : "कादंबरी चालेल. ऐतिहासिक नको. अक्षर बारीक नको." ह्यांनी तरीही ऐतिहासिकच आणले, तर दोन दिवस नाक मुरडून तिसऱ्या दिवशी त्या तेच घेऊन बसत. वाचून झालेले पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून सत्ताविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब देत. पुढे लक्षात आले की, तशा खुणा करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. कुठे फुली, कुठे बारीकसा स्वस्तिक, म्हणजे आमच्या सांगलीच्या गावभागातली किती घरे त्या एका पुस्तकातून जाऊन आली, ते पाने चाळून कळत असे. वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करणे चूकच आहे, हे मान्य.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची, हे सांगलीकरांना सांगायला नको. आम्हांला नावेतून बाहेर काढले, तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती. तीत रक्तदाबाच्या गोळ्या, घराची कागदपत्रे आणि दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेले वाचनालयाचे पुस्तक. ह्यांनी विचारले, "आई, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "आपलं असतं तर राहू दिलं असतं. लोकांचं आहे."

आता मला सांगा, आमच्या घरात वाचणारे एकच माणूस होते का? ह्यांनी ते पुस्तक कधी उघडलेही नसेल, पण आठवड्याला ते वाहून तर नेले! वाचनालय म्हणजे पेन्शनरांनी फुकट वर्तमानपत्रे वाचायची जागा, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर एकदा तिथे जाऊन उभे राहावे. तीन-चारशे रुपयांचा एकेक दिवाळी अंक, असे दहा अंक विकत घेणारी घरे आपल्यात किती आहेत? वेगळी वर्गणी भरून तेच अंक संक्रांतीपर्यंत, नव्हे होळीपर्यंत, घराघरांत फिरतात. एक अंक आजी वाचते, त्यातले चिवड्याचे प्रमाण सून उतरवून घेते, व्यंगचित्रे मुले पाहतात. (सासूबाई काही साध्वी नव्हत्या. एका अंकातली अनारशांची कृती त्यांनी ब्लेडने कापून घेतली होती आणि ते मला त्या गेल्यावर, त्यांच्या वहीत सापडले.) आणि अभ्यासिका? तासगाव, पलूसकडून आलेली मुले स्पर्धा परीक्षेसाठी सकाळी सातपासून तिथे बसतात, ती पुस्तकांसाठी कमी आणि जागेसाठी जास्त. घर दोन खोल्यांचे, त्यात टीव्ही आणि पाहुणे. अशा घराने आपली अभ्यासाची खोली गावात मांडली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाईलवर सगळे मिळते, हेही खरे आहे. नवी पुस्तके उशिरा येतात आणि पंखा आपल्या डोक्यावरचा सोडून बाकी सगळे चालतात, हेही खरे. पण ही वाचनालये चालतात कशावर? कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा १९४५ सालीच केला आणि महाराष्ट्राने १९६७ साली. त्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून शासन अनुदान देते, उरलेला गाडा मात्र वर्गणी आणि देणग्यांवर ओढावा लागतो. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हातात महिन्याला काय पडते, ते विचारायची मला लाज वाटते. अशा ठिकाणी एकेक कार्ड बंद होते, तेव्हा माझा जीव तुटतो.

पूर ओसरल्यावर आठवड्याने सासूबाई ते पुस्तक घेऊन गेल्या, मी बरोबर होते. वाचनालयाबाहेर चिखलाने फुगलेल्या पुस्तकांचे ढीग होते, फळ्या उन्हात उभ्या केल्या होत्या, आणि देवघेवीचे रजिस्टर पाण्यात गेले होते. म्हणजे आमच्याकडे पुस्तक आहे, हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि उशीर झाला म्हणून विलंब शुल्क किती, असे विचारले. टेबलापलीकडच्या माणसाने ते कोरडे पुस्तक दोन्ही हातांत घेतले आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही.

हे लिहिता लिहिता माझा राग उतरला आहे. त्या गृहस्थांच्या घरात महिन्यापूर्वी माणूस गेले आहे, आणि मी मात्र त्यांच्यामागे उभी राहून मनातल्या मनात त्यांना बोल लावत होते. सासूबाई गेल्या, तेव्हा आमचेही कार्ड पाच महिने कपाटात पडून होते; वर्गणी थकल्याची चिठ्ठी आली, म्हणून मी गेले, नाहीतर गेलेही नसते.

त्यांना आज अनामत मिळाली नाही. ग्रंथपालबाईंनी संगणकात पाहून सांगितले की, आईंच्या नावावर अजून एक पुस्तक आहे, ते आणून द्या. ते गोंधळून म्हणाले, घरात तर कुठेच दिसले नाही. मी न राहवून मध्ये बोलले : उशीच्या अभ्र्यात पाहा, देव्हाऱ्याखालच्या फडताळात पाहा, आणि नसेल तर तांदळाच्या डब्यामागे. आमच्याकडे याच तीन जागा होत्या. त्यांनी तिन्ही जागा मोबाईलमध्ये लिहून घेतल्या.