पाणी पाजलं!

'पाणी पाजणे' या वाक्प्रचाराचा अर्थ शाळेत पाठ केला होता. तो कळला मात्र एका सक्युलंटमुळे, म्हणजे पानांतच पाणी साठवून ठेवणाऱ्या रोपामुळे.

रोप भेट आलं होतं. एचेव्हेरिया, म्हणजे जाड पानांचं हिरवं गुलाबच. देणारा म्हणाला, "याला काही करावं लागत नाही." नेमकं तेच मला जमत नाही. रोज सकाळी दात घासून झाले की मी झारी घेऊन हजर.

तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली. बोट लावलं की टपकन गळायची. तहानलंय बिचारं, म्हणून मी झारी दोनदा रिकामी केली. तहानलेलं पान सुरकुततं आणि बुडालेलं पान काचेसारखं होऊन पचपचीत लागतं, हे नंतर वाचलं. म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडाला मी तांब्या लावून उभा होतो.

मातीतही माझं प्रेम नडलं. शेणखत घातलेली, कसदार, भुसभुशीत माती मी दिली होती. ज्याचे पूर्वज मेक्सिकोच्या खडकांवर वाढले, त्याला गादीवर निजवलं! असली माती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. निम्म्याहून जास्त भाग परलाइट, प्युमिस असल्या हलक्या, सच्छिद्र खड्यांचा किंवा जाड वाळूचा हवा. मी आधी बारीक वाळू मिसळली. ती कणांच्या फटींत जाऊन अशी बसली की कुंडीत गिलावा झाला. तळाशी खड्यांचा थर देऊन मी स्वतःची पाठही थोपटली होती. पण बारीक मातीतलं पाणी खाली खड्यांत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं. डबकं गेलं नव्हतं, फक्त एक मजला वर चढलं होतं.

शेवटी शस्त्रक्रिया. रोप उपसलं तेव्हा मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि वास असा की बायकोने न बोलता खिडकी उघडली. सुरी स्पिरिटने पुसून मुळं कापली. खोड आतून काळं. आणखी वर कापलं, तरी काळं. स्वच्छ फिकट गाभा लागेपर्यंत पेशंट अर्ध्या बोटाएवढा उरला. मग जखम सुकायला पाच दिवस कोरडं ठेवायचं, त्यानंतर भोक असलेल्या भाजक्या मातीच्या कुंडीत कोरड्या मिश्रणात लावायचं आणि पुढचा आठवडाभरही पाणी नाही. हा काळ रोपाने शांतपणे काढला. मी दिवसातून चार वेळा बोट खुपसून माती 'तपासत' होतो.

रोप जगेल की नाही, अजून नक्की नाही. पण त्या गोंधळात एक धडधाकट पान पुस्तकांच्या कपाटावर पडून राहिलं होतं. ना माती, ना पाणी, ना मी. काल पाहिलं तर त्याला गुलाबी मुळं फुटलेली आणि मोहरीएवढं रोप!

मी हळूच उठलो.

"झारी ठेव खाली," बायको पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली.