‘वीज साठवता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा घाटघरला जाऊन यावं

आमच्या नाशिकच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही फिरत असेल. सार असं: सूर्य मावळला की सोलर शून्य, आणि वीज काही साठवता येत नाही. पॅनेल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मभरात देत नाही. बॅटऱ्या पाच वर्षांत भंगारात जातात. कारखाने सोलरवर चालणं शक्यच नाही. म्हणजे सगळा फुगा. मी एमआयडीसीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे बोटं शिवशिवली. ग्रुपवर लिहायला घेतलेलं उत्तर लांबलं, म्हणून इथे.

‘वीज साठवता येत नाही’

सूर्य मावळला की सोलर शून्य, हे खरं. पुढचं खोटं.

पावसाळ्यात निम्मं नाशिक घोटीमार्गे भंडारदऱ्याला जातं, तिथून पुढे घाटघरच्या कोकणकड्यावर फोटो काढून परत येतं. ज्या कड्यावर आपण भजी खातो, त्याच्या पोटात वीजघर आहे. वर घाटघरला एक धरण, खाली शहापूर तालुक्याच्या बाजूला दुसरं, मध्ये सुमारे ४०० मीटरचा उतार. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडायचं आणि वीज घ्यायची. मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवायचं. १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ साली सुरू झालेले. हिशोबच करायचा तर दहा हजार लिटरचा एक टँकर ४०० मीटर खाली आला की नऊ-दहा युनिट वीज मिळते. आता असे टँकर किती, ते धरणाकडे बघून मोजा.

यात घट आहे. पाणी चढवायला १०० युनिट घातले तर ७५ ते ८० परत मिळतात. पण दुपारी सोलरची वीज स्वस्त असते आणि संध्याकाळी सात वाजता विजेसाठी मारामार असते, तेव्हा ही घट परवडते.

मेसेज लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक नसावी. साठवायला दर वेळी पाणी वर चढवावं लागतंच असं नाही. कोयनेचं उदाहरण घ्या. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प, पण पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच पाणी ठरवून दिलेलं. म्हणजे ते पुरवून पुरवून वापरायचं. दुपारी सोलर भरपूर असताना कोयनेचे संच थांबवले, तर तेवढं पाणी धरणाच्या शिवसागर जलाशयात तसंच राहतं आणि दिवेलागणीला कामी येतं. सोलरची वीज इथे न साठवताच साठली! १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं तेव्हाही हेच होतं: आषाढातला पाऊस लोणावळ्याच्या तळ्यांत अडवायचा आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या उन्हाळ्यातही चालवायच्या.

शेतीत तर हा प्रश्न उलटाच आहे. शेतकऱ्याला रात्रीची वीज हवीय कुठे? रात्री दोनला लाइट येते म्हणून टॉर्च घेऊन बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पिकाला पाणी द्यायला दारं धरायची, ही हौस कुणाला नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली ती शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाइनी, दिवसा चालवण्यासाठीच. दुपारी पंप चालवून शेततळं भरलं, की साठवण झाली.

एक आक्षेप मात्र मेसेजमध्ये असायला हवा होता आणि तो नाही. पंपाने पाणी चढवायचे असे आणखी बरेच प्रकल्प आता सह्याद्रीत येऊ घातलेत. त्यात जंगल किती जाईल, गावं कुणाची उठतील, हे विचारलंच पाहिजे.

‘पॅनेल स्वतःपुरतीही वीज देत नाही’

ही फार जुनी थाप. आपल्या उन्हात सिलिकॉनचं पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा साधारण दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत फेडतं. वीजनिर्मितीची वॉरंटी २५ वर्षांची असते. पुढे.

‘बॅटऱ्या पाच वर्षांत भंगार’

लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरच्या इन्व्हर्टरची, पाणी टाकावं लागणारी शिशाची बॅटरी आहे. तिचं आयुष्य चार-पाच वर्षंच असतं आणि भंगारवाला तिचे पैसे देऊन जातो, कारण शिसं परत वितळवता येतं. वीजकंपन्या बसवतात त्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या. त्या हजारो वेळा भरता-रिकाम्या करता येतात, आणि करार बारा ते पंधरा वर्षांचे होतात.

महाग? होत्या. २०२२ च्या सरकारी निविदेत दोन तासांच्या साठवणुकीचा दर मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये निघाला होता. दिवसातून एकदा भरली-वापरली तर युनिटला नुसता साठवणुकीचा खर्च १८ रुपये. २०२५ पर्यंत काही निविदा सव्वादोन लाखांच्या आसपास आल्या, म्हणजे युनिटला चार रुपयांच्या आत. यात केंद्राच्या अनुदानाचा टेकू आहे, तो लपवायचं कारण नाही. चीनवरचं अवलंबित्वही खरं आहे. बॅटरीचे सेल बहुतेक तिकडूनच येतात. पण ‘होऊच शकत नाही’ आणि ‘अजून बाहेरून आणावं लागतं’ यात फरक आहे. गुजरातमधल्या मोढेरा गावाला २०२२ पासून ६ मेगावॉटचा सोलर प्रकल्प आणि १५ मेगावॉट-तासांची (म्हणजे १५ हजार युनिट साठवणारी) बॅटरी आहे. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला १०० मेगावॉट सोलरला १२० मेगावॉट-तासांची जोड आहे.

‘कारखाने चालत नाहीत’

नुसत्या गच्चीवरच्या पॅनेलवर फाउंड्रीची भट्टी चालत नाही, हे मी शपथेवर सांगेन. तिसरी पाळी ग्रीडवरच चालते. पण तसं कुणी म्हणतच नाही. डेअरीत बर्फाची टाकी असते. कॉम्प्रेसर दुपारी चालवून बर्फ करून ठेवला, की संध्याकाळचं दूध त्यावर थंड होतं. कारखान्यात कोणतं काम दुपारी ढकलता येतं, हे कागदावर मांडलं तरी बिलात फरक पडतो.

राहता राहिली आमची गच्ची. मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मी मीटिंगमध्ये स्वतःहून सांगितली: बॅटरी नसेल तर लाइट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हात. वायरमन खांबावर चढलेला असताना आपली वीज उलट्या दिशेने तारेत जाऊ नये म्हणून. लिफ्टपुरती बॅटरी किती रुपयांना पडेल, त्याची कोटेशनं मागवलीत. पाण्याचा मोटरपंप मात्र पहाटे पाचऐवजी दुपारी बाराला लावायचं तिथल्या तिथे ठरलं. त्याला बॅटरी नको, टाकी लागते. ती गच्चीवर आहेच.