बंद हो म्हटलं की बंद हो ना!

लिनक्सवर शटडाउन दाबलं, पडदा काळा झाला, 'रीबूट: पॉवर डाउन' ही ओळही उमटली, आणि पंखा मात्र घरघरतोच आहे! लगेच सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाने बोटं मोडू नका. एखादी सेवा थांबण्याची वाट बघणारा त्याचा ९० सेकंदांचा 'स्टॉप जॉब' वेगळा. ही ओळ आली म्हणजे त्याचं काम केव्हाच संपलंय. अडून बसलाय तो एखादा ड्रायव्हर, नाहीतर मदरबोर्डवरचं फर्मवेअर. बऱ्याचदा नूवो (एनव्हिडिया ग्राफिक्सचा ड्रायव्हर) किंवा एक्सएचसीआय (यूएसबीचा ड्रायव्हर). हा दुसरा तर बंद झालेलं मशीन भुतासारखं पुन्हा उठवतो! मग बसा एकेक मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, 'मॉडप्रोब -आर' या कमांडने काढत. रीस्टार्टच अडत असेल तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या पर्यायांत 'रीबूट=पीसीआय' घाला; उबुंटूत नंतर अपडेट-ग्रब चालवायला विसरू नका. आणि जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, काय सापडणार? कप्पाळ! तोवर डिस्क अनमाउंट झालेली असते, नोंद लिहिणार कुठे?