मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि तो फिरणारा मेसेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: दिसत असेल तर मधुमेहानं डोळ्यांना काही झालेलं नसतं. लेझर केलं की उरलीसुरली नजरही जाते. डोळ्यात इंजेक्शन एकदा घेतलं की जन्मभर सुटत नाही आणि फरकही पडत नाही. शुगर ताब्यात आणा, डोळे आपोआप सुधारतील.

माझ्या आईच्या डोळ्यांवर हे सगळे उपचार झालेत आणि प्रत्येक वेळी मी तिच्यासोबत होते. या मेसेजमधलं एकेक वाक्य आमच्या घरात कुणी ना कुणी बोलून गेलंय. त्याचं काय झालं तेही सांगते.

‘दिसतंय, म्हणजे डोळे ठीक आहेत.’
वाचायला, चेहरा ओळखायला लागते ती नजर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधल्या इवल्याशा भागाची, मॅक्युलाची. तिथे सूज येईपर्यंत किंवा डोळ्यात रक्त उतरेपर्यंत बाकीच्या पडद्यावर कितीही पडझड झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुखत तर अजिबात नाही. म्हणूनच टाइप २ मधुमेह कळला की लगेच, आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, पडद्याची पहिली तपासणी करायची. पुढे साधारण वर्षाला एकदा. चष्म्याचा नंबर काढून घेणं म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करून आतला पडदा बघावा लागतो, किंवा त्याचा फोटो काढावा लागतो.

‘लेझरनं नजर जाते.’
या वाक्यानं आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, म्हणून इथे जरा थांबते.

लेझर कशासाठी करतात ते आधी. मधुमेहानं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि पडद्याच्या कडेच्या भागाला प्राणवायू कमी पडतो. तो भाग नव्या वाहिन्या उगवायला लावणारं रसायन सोडतो. उगवतात त्या वाहिन्या इतक्या नाजूक, की कधीही फुटतात. लेझरनं त्या उपाशी भागात शेकडो बारीक डाग देतात. मागणी कमी होते, रसायन घटतं, नव्या वाहिन्या सुकतात. कडेचा थोडा पडदा खर्ची घालून मधला वाचवायचा, असा हा सौदा आहे. त्याची किंमतही आहे: अंधारात थोडं कमी दिसतं, बाजूची नजर थोडी आखडते, काहींना मधल्या भागात काही दिवस सूज येते. करताना टोचल्यासारखं दुखू शकतं. हे आधी सांगायलाच हवं. न सांगितल्यामुळेच असे मेसेज खरे वाटतात.

आणि सौदा फायद्याचा आहे का? अमेरिकेत १९७०च्या दशकात याचा मोठा अभ्यास झाला. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला. दोन वर्षांत लेझर न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची नजर जवळजवळ गेली, केलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के. १९७६ मध्ये फरक इतका स्पष्ट दिसला की तसेच ठेवलेले धोक्यातले डोळेही उपचाराखाली घ्यायचं ठरलं.

आईच्या डाव्या डोळ्याला लेझर सांगितलं होतं. एका नातेवाइकानं ‘नको’ म्हटलं आणि पाच महिने गेले. एका सकाळी तिला डोळ्यासमोर काळे दोरे तरंगताना दिसले. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे लालसर पडदा आला. रक्त आपसूक ओसरेना, तेव्हा आतली जेली काढायची शस्त्रक्रिया, व्हिट्रेक्टमी, करावी लागली. आज त्या डोळ्यानं तिला घड्याळाचे काटे दिसतात, छापील अक्षर लागत नाही. पुढे लेझर उजव्या डोळ्यालाही झालं, पण वेळेवर. पेपर ती त्याच डोळ्यानं वाचते.

‘इंजेक्शन जन्मभर सुटत नाही, फरकही पडत नाही.’
हे इंजेक्शन मॅक्युलाच्या सुजेवर किंवा त्या नव्या वाहिन्यांवर देतात. भीती सुईची असते, म्हणून तेच आधी सांगते. डोळा बधिर करायचे थेंब, मग जंतुनाशक तपकिरी औषध, मग पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा. ‘वर बघा’ म्हणतात, क्षणभर दाब जाणवतो, झालं. आईला चिमट्याचाच त्रास जास्त व्हायचा. संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पांढऱ्या भागावर लाल ठिपका दिसतो, एखादा काळा बुडबुडा तरंगतो. दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक सगळं शांत होतं. मात्र पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होत गेला किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो.

इंजेक्शनं अनेक लागतात, हे खरं. मॅक्युलाच्या सुजेवरची तीन औषधं ताडून पाहणारा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी पाच-सहा. पुढे बहुतेकांना आणखी कमी लागतात. आणि फरक? त्याच अभ्यासात वर्षाअखेर रुग्णांना तक्त्यावर सरासरी सुमारे दोन ओळी जास्त वाचता येत होत्या. सगळ्यांना इतका लाभ होत नाही. मधल्या भागाच्या वाहिन्याच बंद पडल्या असतील, तर सूज उतरूनही नजर फारशी परतत नाही. ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) आणि इतर तपासण्यांवरून डॉक्टरांना याचा अंदाज येतो. तो पहिल्या इंजेक्शनाआधीच विचारून घ्या. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर तेही सांगा.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. नव्या वाहिन्यांवर फक्त इंजेक्शनं चालू असतील आणि रुग्ण मध्येच काही महिने गायब झाला, तर डोळ्याची अवस्था लेझर करून गायब झालेल्यापेक्षा वाईट होऊ शकते. औषधाचा असर उतरतो, वाहिन्या परत उगवतात. वरचेवर येणं जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. लाजू नका, त्यावरूनच उपचार बदलतो.

‘शुगर ताब्यात आणा, डोळे आपोआप सुधारतील.’
अर्धं खरं आहे. टाइप १ मधुमेहावरच्या १९९३ च्या मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या पडद्यावर काहीच बिघाड नव्हता त्यांच्यात काटेकोर नियंत्रणानं तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाबाचंही तसंच महत्त्व आहे. पण हा फायदा वर्षांच्या हिशेबात मिळतो. सुजलेला मॅक्युला किंवा फुटायला आलेली वाहिनी इतकी वाट पाहत नाही. शिवाय खूप वाढलेली शुगर झपाट्यानं खाली आणली तर सुरुवातीला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून नियंत्रण सोडायचं नाही. पण त्या काळात पडदा तपासत राहायचा.

हे सगळं मी त्या चौघांनाही लिहून पाठवलं. एकीचं लगेच उत्तर आलं: बाबांच्या इंजेक्शनाची तारीख मागच्याच आठवड्यात गेली, मेसेज वाचून ते नको म्हणाले, आता काय करू? तिला कळवलं, सकाळी दवाखाना उघडताच फोन कर, तारीख चुकलीय हे आधी सांग आणि जी पहिली वेळ मिळेल ती घे.